घरी बांधलेला व्हॉल्व्ह हेडफोन अ‍ॅम्प: उजवी बाजू सकाळी फाटते, दुपारी नीट गाते

कृष्णाकाठ
जाणकारांची मदत हवी आहे. मुक्काम सांगली, गावभाग.

उन्हाळ्यात हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळीचा) अ‍ॅम्प बांधला. पुढे ईसीसी ८२ जातीचा एक व्हॉल्व्ह, मागे ६०८० जातीचा एक. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. ६०८० च्या कॅथोडवरून १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि थेट हेडफोन. दोन्ही व्हॉल्व्हमध्ये दोन-दोन ट्रायोड (कॅथोड आणि प्लेटमधला करंट ग्रिडचं व्होल्टेज आवरतं असा एक-एक भाग), त्यातला एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. ईसीसी ८२ ची प्लेट ६०८० च्या ग्रिडला सरळ वायरने जोडली आहे, मध्ये कंडेन्सर नाही. प्लेटला २२ के (किलोओहम) चा रेझिस्टन्स, कॅथोडखाली लाल एलईडी. ६०८० च्या कॅथोडला ३ के, १० वॅटचा वायरवाउंड. इनपुटला १०० के चा पॉट, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण. ट्रान्सफॉर्मर इथल्याच वाइंडिंगवाल्याकडून भरून घेतला: १५० व्होल्ट, आणि फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट ३ अँपिअर, कारण ६०८० एकटाच अडीच अँपिअर खातो. रेझिस्टन्स, कंडेन्सर सगळे नवे. सॉकेट, टॅगस्ट्रिप (वायरी सोल्डर करायची पट्टी) असला किरकोळ माल जुन्या रेडिओतून काढलेला.

मे महिन्यात दोन्ही बाजू झकास चालत होत्या. पाऊस लागला आणि उजवी बाजू रुसली. सकाळी चालू केलं की उजवीकडे आवाज फाटतो, खास करून गाणारा वरच्या सुरात गेला की. व्हॉल्यूम फिरवला की उजव्या कानात कराकरा आवाज. तासाभराने सगळं आपोआप ठीक. संध्याकाळी तर बिघाड होता यावर विश्वास बसणार नाही इतकं छान. हेडफोन उलटा घालून पाहिला, इनपुटच्या पिना डाव्या-उजव्या बदलून पाहिल्या. बिघाड अ‍ॅम्पच्या उजव्या बाजूलाच चिकटून आहे. सोल्डरचे सगळे डाग पुन्हा तापवून झाले.

भडंग
पावसाळ्यात सांगलीत माणसं रुसत्यात, अ‍ॅम्पचं काय घेऊन बसलाय. व्हॉल्व्ह डावा-उजवा बदलून बघा की राव. सगळे हेच सांगतात.

अजिंक्यतारा
भडंगराव, बदलणार काय? दोन्ही बाजूंना मिळून बाटली एकच आहे. ईसीसी ८२ च्या १, २, ३ पिना डाव्या बाजूला आणि ६, ७, ८ उजव्या बाजूला, असंच असणार. दर बाजूला वेगळा व्हॉल्व्ह असता तर तुमचा उपाय चालला असता. इथे दुसरा ईसीसी ८२ घालून बघणं एवढंच शक्य आहे. माझ्याकडे साताऱ्यात एक जास्तीचा पडून आहे, पाठवू का?

जुना_मेकॅनिक
मिरजेत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात उमर गेली. आता डोळे साथ देत नाहीत, पण सांगू शकतो.

बाळ, डाग तापवत बसू नकोस. आधी मीटर लाव. तुझ्याकडे एक बाजू चांगली चालते आहे, म्हणजे आयता नकाशा हातात आहे. डावीकडे जे व्होल्टेज, तेच उजवीकडे हवं. जिथे फरक दिसेल तिथे थांबायचं. एचटी (व्हॉल्व्हना जाणारं मोठं डीसी व्होल्टेज), दोन्ही प्लेटा, ६०८० चे दोन्ही कॅथोड आणि एलईडीवरचं व्होल्टेज एवढं लिहून आण. आणि माप सकाळचं पाहिजे, बिघाड चालू असतानाचं. चांगला चालणारा रेडिओ दाखवायला आणणारी गिऱ्हाइकं फार पाहिली.

काळ्या प्रोबला मगरीची क्लिप लावून ती चेसिसला अडकव. लाल प्रोब एका हातात, दुसरा हात खिशात. हेडफोन काढून ठेव. मापं झाल्यावर प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये माल (चार्ज) भरलेला असतो. तो पाच-दहा के च्या पाच वॅट रेझिस्टन्समधून उतरव. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची मर्दुमकी नको.

तानपुरा_मिरज
मला सर्किटमधलं काही कळत नाही, मी नुसता ऐकणारा. पण एक सुचवतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण लावा. ते सगळं मोनो, दोन्ही कानांत अगदी तेच. आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. एक बाजू जरा जरी बिघडली तरी गवय्या सरकतो. स्टिरिओ गाण्यात तंतुवाद्य एकीकडे, तबला दुसरीकडे, तिथे बिघाड कुठला आणि वाद्य कुठलं हेच समजत नाही.

अवांतर: असला अ‍ॅम्प ३२ ओहमच्या साध्या हेडफोनवर कसा वाजतो हो?

कृष्णाकाठ
@तानपुरा_मिरज, तुमची युक्ती झकास. सकाळी खाँसाहेब स्पष्ट डावीकडे सरकलेले. ३२ ओहमला हा प्रकार जमत नाही. १०० मायक्रोफॅरडमधून ३२ ओहम म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपासच खर्ज गळायला लागतो, ३०० ओहमला तीच हद्द ५ हर्ट्झवर जाते. शिवाय अ‍ॅम्पचाच आउटपुट इम्पिडन्स शंभर ओहमच्या वर. माझा हेडफोन २५० ओहमचा आहे.

@काका, सकाळची मापं. व्हॉल्यूम नेहमीच्या जागी, म्हणजे पाऊण. मोबाइल जोडलेला, गाणं बंद.

एचटी १७०.
ईसीसी ८२ ची प्लेट: डावी ७८, उजवी ६१.
एलईडी: डावी १.६५, उजवी १.६७.
६०८० चा कॅथोड: डावा १००, उजवा ८९.

तासाभराने उजवी प्लेट ७६ आणि कॅथोड ९९. डावी बाजू जागची हलली नाही.

नवशिक्या
उजव्या एलईडीवर व्होल्टेज जास्त दिसतंय. तोच खराब नसेल? माझा धाग्यात घुसण्याचा पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या.

जुना_मेकॅनिक
घुसा, घुसा. एलईडी मात्र निर्दोष आहे. करंट वाढला म्हणून तो किंचित चढला. हिशेब करा: डावीकडे २२ के वर ९२ व्होल्ट पडतात, म्हणजे ४.२ मिलिअँपिअर. उजवीकडे १०९ पडतात, म्हणजे जवळजवळ ५. नीट पाहिलंत तर सकाळी उजवा एलईडी थोडा जास्त उजळ दिसेल.

६०८० लाही सोडून द्या. त्याची ग्रिड १७ व्होल्ट खाली गेली म्हणून त्याचा कॅथोड ११ व्होल्ट खाली गेला. म्यू (आवाज वाढवायची ताकद) दोनच असलेला व्हॉल्व्ह, त्याचा कॅथोड ग्रिडच्या मागोमाग पूर्ण जात नाही, साधारण दोन तृतीयांश जातो. म्हणजे तो हुकमाप्रमाणे वागतोय. बिघाड ईसीसी ८२ च्या उजव्या अर्ध्यात आहे. तो जास्त करंट ओढतोय. एलईडी ठीक, २२ के ठीक असेल तर कारण एकच उरतं, ग्रिडवर नको ते व्होल्टेज आलंय. व्हॉल्व्ह गॅसी झाला असावा असा माझा अंदाज. आत हवा शिरली की ग्रिड करंट वाहतो.

अनुजा_विश्रामबाग
काका, गॅसी व्हॉल्व्ह तापल्यावर बिघडतो ना? इथे उलटं आहे. थंड असताना बिघाड, तापला की बरा. पाऊस लागल्यावर सुरू झाला, तेही लक्षात घ्यावं लागेल.

@कृष्णाकाठ, व्हॉल्यूम फिरवताना कराकरा होतं म्हणालात, त्यावर कुणी बोललंच नाही. पॉटवर डीसी असला की असाच आवाज येतो. क्लीनरचा फवारा मारून तो जाणार नाही. उद्या सकाळी एवढं करा. मीटर उजव्या प्लेटवर ठेवा आणि व्हॉल्यूम हळूहळू शून्यापासून पूर्ण फिरवा. गाणं बंदच. व्हॉल्यूमने प्लेटचं डीसी एक व्होल्टसुद्धा हलता कामा नये. मग मोबाइलची वायर काढून तेच पुन्हा. मीटर कुठलं आहे तुमचं?

कृष्णाकाठ
मीटर ते नेहमीचं पिवळं, स्वस्तातलं.

काय गंमत बघा. मोबाइल जोडलेला असताना: शून्यावर उजवी प्लेट ७७. वाढवत नेलं की उतरत जाते, पाऊणच्या आसपास ६१, आणि पूर्ण व्हॉल्यूमला परत ७७! मोबाइलची वायर काढली तर वाढवावं तशी नुसती उतरत जाते आणि ५५ ला जाऊन थांबते. डावी बाजू दोन्ही वेळा ७८ ला खिळलेली. सातव्या पिनेवर, म्हणजे उजव्या ग्रिडवर, पाऊण व्हॉल्यूमला १.३ व्होल्ट. डाव्या ग्रिडवर शून्य.

भडंग
पूर्ण व्हॉल्यूमला बिघाड जातो? मग पूर्ण व्हॉल्यूमवरच ऐका, गल्लीलाबी कळू दे तुम्ही अ‍ॅम्प केलाय ते. नाद खुळा.

अनुजा_विश्रामबाग
यातच उत्तर आहे. शून्यावर ग्रिड सरळ जमिनीला टेकलेली असते. पूर्ण व्हॉल्यूमला ती मोबाइलच्या आउटपुटला टेकते, आणि त्याचा रेझिस्टन्स अगदी थोडा, म्हणजे तीही जमीनच. मधल्या जागी मात्र वायपर (पॉटचा सरकता संपर्क) दोन्हीकडून लांब असतो. १०० के च्या पॉटमध्ये जास्तीत जास्त २५ के. तुमच्या पॉटवर ती जागा पाऊणला येते. म्हणजे कुठून तरी थोडा करंट ग्रिडवर झिरपतोय आणि जिथे निचऱ्याची वाट लांब तिथे व्होल्टेज साठतंय. मोबाइल काढला की निचऱ्याची एक वाट बंद, म्हणून पूर्ण व्हॉल्यूमला सगळ्यात वाईट. मोबाइलमधून डीसी येतोय ही शंकाही त्याने फिटली, वायर काढल्यावर बिघाड वाढला.

१.३ व्होल्ट भागिले २५ के म्हणजे ५२ मायक्रोअँपिअर. प्लेट ६१ वर आहे. प्लेट आणि ग्रिडमध्ये साधारण एक-सव्वा मेगओहमची गळती असेल तर हिशेब बरोबर जुळतो. गळती व्हॉल्व्हच्या आत आहे की बाहेर, एवढंच ठरवायचं राहिलं.

जुना_मेकॅनिक
५५ ला का थांबते ते नवशिक्यांसाठी सांगतो. ग्रिड कॅथोडच्या बरोबरीला आली की ती स्वतःच डायोडसारखी चालू होते, मग पुढे चढत नाही. आणि तू ऐकतोस तेव्हा बायस (ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी खाली तो फरक) फक्त तीन-चार दशांश व्होल्ट उरलाय. गाण्याची लाट वर गेली की तिचं डोकं कापलं जाणार. तुझं फाटणं ते.

पोरीचा मुद्दा पटला. गॅसी व्हॉल्व्ह मी मागे घेतो.

अजिंक्यतारा
व्हॉल्व्ह पाठवलाय, कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात. वास आला तर तो व्हॉल्व्हचा नाही.

कृष्णाकाठ
अजिंक्यतारा, शतशः धन्यवाद. व्हॉल्व्ह सुखरूप पोचला. सकाळी घातला. उजवी प्लेट ६२. म्हणजे जैसे थे.

अनुजा_विश्रामबाग
मग आता खरी चाचणी, पण नीट वाचून मगच करा. प्लग काढा, कंडेन्सर उतरवा. दोन्ही व्हॉल्व्ह काढा. नुसता ईसीसी ८२ काढून ६०८० आत ठेवू नका. २२ के मधून करंट वाहणं थांबेल, ६०८० ची ग्रिड पूर्ण एचटीला जाईल आणि तो कॅथोड रेझिस्टन्सला भाजून काढेल. दोन्ही काढल्यावर लोड नाही, म्हणजे एचटी २१० च्या आसपास चढेल. फिल्टर कंडेन्सर कितीचे आहेत?

त्यानंतर सातव्या पिनेवरची वायर सोल्डर काढून मोकळी करा. पिन पूर्ण एकटी, तिला काहीच जोडलेलं नाही. मग चालू करून त्या पिनेवर मीटर लावा. सहाव्या पिनेवर एचटी असेल, प्रोब घसरू देऊ नका. रिकाम्या सॉकेटच्या एकट्या पिनेवर काय दिसायला हवं? शून्य.

कृष्णाकाठ
कंडेन्सर ३५० व्होल्टचे आहेत. केलं.

एचटी २०८. सातव्या पिनेवर ९९ व्होल्ट. व्हॉल्व्ह नाही, वायर नाही, आणि ९९ व्होल्ट! डावीकडच्या दुसऱ्या पिनेवरची वायरसुद्धा काढून पाहिली, तिथे शून्य.

नवशिक्या
अरे बापरे. भूत आहे का काय?

अनुजा_विश्रामबाग
भूत नाही, सॉकेट आहे. आणि ९९ हे सुद्धा कमी दिसतंय. ती पिवळी मीटरं बहुतेक १ मेगओहम इनपुटची असतात. पिनेवर टेकवलं की मीटरच तिला जमिनीकडे ओढतं. २०८ व्होल्ट, वर गळती, खाली १ मेगओहम, मध्ये ९९. म्हणजे गळती १.१ मेगओहम. त्या दिवशीच्या हिशेबाशी तंतोतंत. १० मेगओहमच्या मीटरवर १९० च्या जवळ दिसलं असतं.

आणखी एक करा. बंद असताना सॉकेटवर हेअर ड्रायरने पाच मिनिटं गरम हवा सोडा आणि व्हॉल्व्ह घालून लगेच चालू करा.

कृष्णाकाठ
हेअर ड्रायरनंतर भर सकाळी उजवी प्लेट ७७, पहिल्या मिनिटापासून. खाँसाहेब परत मधोमध.

ओहमवर मीटर लावून सहा आणि सात या पिनांमध्ये मी आधी मोजलं होतं, काही दाखवलं नव्हतं. पण ते दुपारी.

जुना_मेकॅनिक
दुपारी वाळलेलं असणार. आणि त्या मीटरची ओहमची धाव २ मेगपर्यंतच. वरचं सगळं त्याला मोकळंच.

आता मला सांग, तो सॉकेट ज्या रेडिओतला, तो रेडिओ कुठला? बेकलाइटचा सॉकेट आहे ना, तपकिरी?

कृष्णाकाठ
हो, तपकिरी. रेडिओ आमच्याच गल्लीतल्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून भंगारात निघालेला. काका, तुमचा रोख कळला. ते दुकान २०१९ च्या पुरात छतापर्यंत बुडालं होतं.

जुना_मेकॅनिक
वाटलंच मला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हा. पूर ओसरल्यावर माझ्याकडे आलेल्या रेडिओंत पिनांच्या कपच्यांमध्ये, सॉकेटच्या दोन पत्र्यांच्या फटीत पिठासारखा गाळ बसलेला असायचा. वरून पुसलं की वस्तू नव्यासारखी दिसते. आत नदीचा गाळ, ड्रेनेजचा क्षार, सगळं एकत्र. कोरडं असेल तोवर मुकाट बसतं. हवा दमट झाली की क्षार पाणी धरतो आणि प्लेटचा माल ग्रिडला पोचवतो. तुझा मे महिना कोरडा गेला म्हणून तुला कळलं नाही. ६ आणि ७ शेजारी शेजारी, १ आणि २ सुद्धा. डावीकडे गाळ कमी बसला एवढंच.

अजिंक्यतारा
आयसोप्रोपाइलने धुऊन, ब्रश मारून, वाळवून वापरता येईल की. सॉकेट बदलायचा म्हणजे त्या नऊ पिनांवरचा सगळा संसार हलवायचा.

जुना_मेकॅनिक
धुऊन सहा महिने चालेल. क्षार स्पिरिटमध्ये विरघळत नाही धड, त्याला आधी डिस्टिल्ड पाणी लागतं, मग स्पिरिट. आणि रिव्हेट मारलेल्या दोन पत्र्यांच्या मधे ब्रश जातच नाही. एकदा तिथून करंट वाहिला की बेकलाइटवर कोळशाची रेघ उठते, ती कशानेच जात नाही. फेकून दे. सिरॅमिकचा घाल.

अनुजा_विश्रामबाग
काकांशी सहमत. शंभर-दीडशे रुपयांच्या सॉकेटसाठी १७० व्होल्टच्या शेजारी शंका ठेवू नये. टॅगस्ट्रिपही त्याच रेडिओतली असेल तर तीसुद्धा बदला.

भडंग
या धाग्यात मला निम्मं कळलं नाही, पण पुराचं कळलं. आमच्या घरातल्या फ्रिजनं पण असंच केलं होतं, दर श्रावणात.

कृष्णाकाठ
सॉकेट आला, सिरॅमिकचा, पोस्टाने. टॅगस्ट्रिपही नवी. जुना सॉकेट काढून पकडीने रिव्हेट फोडला. दोन पत्र्यांच्या मध्ये राखाडी थर, आणि सहा ते सात या पिनांमध्ये केसाएवढी काळी रेघ. नखाने खरवडली, गेली नाही. फोटो टाकतो.

नव्या सॉकेटवरची मापं, भर पावसातल्या सकाळची, व्हॉल्यूम पाऊण: प्लेट डावी ७८, उजवी ७७. कॅथोड डावा १००, उजवा ९९. व्हॉल्यूम कसाही फिरवा, आकडा हलत नाही. कराकरा पूर्ण बंद, पॉट तोच जुना.

जुना_मेकॅनिक
एक-दोन व्होल्टचा फरक सोडून दे. ६०८० चे दोन अर्धे कधीच जुळे नसतात, पाच-सात व्होल्टचाही फरक पाहिलाय.

एक विचारायचं राहिलं. ग्रिडच्या पिनेवर स्टॉपर रेझिस्टन्स (नको त्या रेडिओ लहरी अडवणारा) टाकलास का? नसेल तर आता सॉकेट उघडा आहे तोवर एक-एक के टाकून घे, पिनेला अगदी चिकटून. सांगलीत १२५१ किलोहर्ट्झवर आकाशवाणी शेजारीच. माझ्याकडे एक फोनोचा अ‍ॅम्प आला होता, रेकॉर्ड लावायच्या आधीच त्यातून शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकू यायचा.

कृष्णाकाठ
नव्हता. टाकला. आठव्या पिनेचा एलईडी काढावा लागला त्यासाठी, पण बसला.

@अजिंक्यतारा, तुमचा व्हॉल्व्ह परत पाठवू का?

अजिंक्यतारा
ठेवा तुमच्याकडेच. खोकं मात्र द्या परत, त्यात मी फ्यूज ठेवतो.

तानपुरा_मिरज
मी विचारलेलं ३२ ओहमचं राहूनच गेलं. माझ्याकडचा हेडफोन ३२ चा आहे. मग मी काय बांधावं?

अनुजा_विश्रामबाग
आउटपुट ट्रान्सफॉर्मरवालं काहीतरी, किंवा पुढे व्हॉल्व्ह आणि मागे मॉसफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर). त्यासाठी नवा धागा काढा, इथे आता गर्दी झाली आहे.